लामूच्या नोंदी: शेपटीखालची दोरी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मांडा बेटावरच्या धावपट्टीवरून होडीने लामूला. धक्क्यावर उतरले आणि पहिलंच पाऊल लिदीत पडलं, म्हणजे पत्ता बरोबर होता.

केनियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे बेट. जुनं शहर २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आत मोटार शिरूच शकत नाही. वाळू, सिमेंट, प्रवाळाचा दगड, धान्य, फ्रीज, सगळं होडीने धक्क्यावर येतं आणि तिथून गाढवाच्या पाठीवर. बेटावर सुमारे ३,००० गाढवं असा आकडा सांगितला जातो. गाढवांच्या डॉक्टरची इथे नवलाई नाही. 'द डाँकी सँक्चुअरी' या ब्रिटिश संस्थेने १९८७ सालीच इथे दवाखाना उघडला, त्यामुळे आजारी गाढव डॉक्टरकडे न्यायचं हे दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडलंय.

आमचं पथक लहान: मी पशुवैद्य, एक स्थानिक सहायक, एक मदतनीस. मुदत आठ आठवडे. काम एकच ठरवून दिलंय. नोंदवहीत शेपटीखालच्या जखमा परत परत येतात, बऱ्या होतात, पुन्हा येतात. त्या का, ते शोधायचं आणि थांबवायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेसहापासून धक्क्यावर बसून मोजणी. गाढव समोरून गेलं की अंगावरचं मांस १ ते ५ मध्ये किती, जखम कुठे, खूर कसे, डोळे कसे, अशी खूण करायची. दहापर्यंत ४२ गाढवं. त्यांतल्या २३ जणांना शेपटीखाली ओली जखम किंवा जुना वण.

कारण डोळ्यांसमोर आहे असं वाटलं. ओझं पुढे सरकू नये म्हणून मागून शेपटीखाली दोरी घालतात. दोरी नायलॉनची, मासेमारीची, करंगळीएवढी जाड. शेपटीखालची कातडी पातळ, तिथे घाम, लीद, माश्या. दोरी तिथे करवतीसारखी चालते.

दुपारी चौदा जनावरांच्या जखमा धुतल्या. एक लिटर उकळलेल्या पाण्यात दोन छोटे चमचे मीठ, यापेक्षा महागडं काही लागत नाही. दोघांत अळ्या होत्या, त्या चिमट्याने काढल्या. गाढवं हलली नाहीत. घोडा असता तर मला भिंतीवर फेकलं असतं. गाढव दुखणं दाखवत नाही, आणि माणसाला वाटतं त्याला दुखतच नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याचा दिवस, दुपारनंतर धक्का शांत. इथल्या स्वाहिली भाषेची थोडी शिकवणी झाली. औषध म्हणजे 'दावा', हवा म्हणजे 'हेवा', साबण म्हणजे 'साबुनी', दुकान म्हणजे 'दुका', चपाती म्हणजे चपातीच. अर्धी भाषा त्याच व्यापारी वाऱ्यांवर आली जे आमच्या कोकणात गलबतं आणायचे. पण सगळ्या गाढववाल्यांनी मला 'दादा' म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी मागे वळून बघितलं. स्वाहिलीत दादा म्हणजे मोठी बहीण. आणि 'काका' म्हणजे मोठा भाऊ. घरी फोनवर सांगितलं, तर माझ्या खऱ्या दादाने विचारलं, "मग मी आता ताई का?"

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला उपाय. दोरीवर सुती कापडाची नळी शिवून चढवायची, आत जुन्या बनियनचं भरण. शिंप्याकडून तीस करून घेतल्या, वीस वाटल्या. गाढववाल्यांनी घेतल्या, हसले, बांधल्या. फोटो छान आले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बेटाच्या पश्चिमेला मातोंदोनी गावात जंतनाशकाचं शिबिर. इथे होड्या बांधतात. लाकडाच्या भुश्श्याचा वास गावभर. काटा नेता येत नाही, म्हणून छातीचा घेर आणि उंची फितीने मोजून तक्त्यावरून वजन काढायचं. बहुतेक गाढवं ११० ते १३० किलोंच्या घरात. अंदाजाने औषध दिलं तर कमी पडतं, आणि कमी पडलेलं औषध जंतांनाच शहाणं करतं.

वय दातांवरून. गेल्याच महिन्यात पौष पौर्णिमेला मी जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात शिबिराला होते. तिथले व्यापारी दोन बोटांनी ओठ उचलतात आणि क्षणात सांगतात, दुवान, चौवान, अखंड, म्हणजे दोन दातांचं, चार दातांचं, सगळ्या दातांचं. इथला एक म्हातारा अगदी तसाच ओठ उचलतो. मी त्याला मराठी शब्द सांगितले, त्याने दोनदा म्हणून बघितले, आणि पुढच्या गाढवाला "चौवान!" असं ओरडला. बरोबर होता. त्याला सगळे 'म्झे' म्हणतात, म्हणजे वडीलधारा. मीही तेच म्हणते.

६१ जनावरं झाली. एका शिंगराने माझी टोपी खाल्ली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिला उपाय फसला. पूर्ण फसला.

ओहोटीला होड्या लांब थांबतात, गाढवं पाण्यात पोटापर्यंत शिरून माल घेतात. कापडाची नळी खाऱ्या पाण्यात भिजते, वाळते, मिठाने लाकडासारखी कडक होते. नायलॉन करवत होती, ही कानस झाली. वीसपैकी अकरा नळ्या गाढववाल्यांनी काढून टाकल्या होत्या आणि तेच शहाणपणाचं होतं. मी सुचवलं, रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात धुवा. त्यावर एक पोरगा म्हणाला, "दादा, गोडं पाणी आमच्या घरी हेच गाढव आणतं." पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री साडेनऊला मालक बोलवायला आला. मादी, वय नऊ-दहा, दोन दिवस खात नाही. लोळणं नाही, लाथा मारणं नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून उभी. गाढवाचा पोटशूळ असाच असतो.

ताप नाही. हिरड्या विटकरी. नाडी ७२, गाढवासाठी जास्तच. नाकातून पोटात नळी घातली, थोडा वायू आला, पातळ पॅराफिन दिलं. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं, गाढवाच्या रक्तातून ते घोड्यापेक्षा लवकर निघून जातं, म्हणून पुढचा डोस लवकर लावला. रक्त काढून नळी खिडकीत उभी ठेवली. अर्ध्या तासाने तांबड्या पेशी खाली बसल्या आणि वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसलं. गाढव जेवणं सोडतं तेव्हा शरीर साठवलेली चरबी रक्तात ओतू लागतं. एकदा ते सुरू झालं की मूळ आजार राहतो बाजूला, ही चरबीच यकृत बसवते.

रात्रभर सलाईन, ग्लुकोज, गुळासारखी काकवी पाण्यात कालवून. तीनच्या सुमाराला तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. मला वाटलं बरं वाटतंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ती बसली आणि उठली नाही. मालकाला सांगितलं, आता हिला त्रासातून सोडवता येईल, वाचवता येणार नाही. तो बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत बसला. "देव नेईल तेव्हा नेईल," म्हणाला. मी जोर केला नाही. आपल्याकडच्या गोशाळांमध्ये हेच वाक्य मी किती वेळा ऐकलंय. वेदना कमी करायचं औषध देत राहिले. अकराला गेली.

त्याच्या परवानगीने पोट उघडलं. मोठ्या आतड्यात नारळाएवढा गोळा: नायलॉनचे धागे, सिमेंटच्या गोण्यांची विण, पावाच्या पिशव्यांचा कागद, दोरीचा तुकडा. प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि ती बंदी खरी आहे, दुकानात पिशवी मागून बघा. पण गोण्या आहेत, वेष्टनं आहेत. काम संपलं की गाढवं मोकळी सोडतात. फेब्रुवारीत बेटावर गवताची काडी नाही, मग ती उकिरड्यावर जेवतात.

मालक गोळा हातात घेऊन बघत राहिला. सगळे त्याला "पोले, पोले साना" म्हणत होते. 'पोले'ला मराठीत एक शब्द नाही. "वाईट झालं रे" आणि "सांभाळ" यांच्या मधला आहे.

दुपारी झोपले नाही. झोप आली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्यालयातून मेल: महिन्याचा आकडा पाठवा, किती जनावरांना 'लाभ'. मी लिहिलं, २०७ तपासली, ६१ जंतनाशक, २० नळ्या वाटल्या. नळ्या फसल्या हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता, म्हणून 'इतर' या रकान्यात लिहिलं. बघू कोणी वाचतं का.

संध्याकाळी गाढववाल्यांमध्ये कातड्याचा विषय निघाला. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एजियाव नावाचं जिलेटिनचं औषध करतात. त्यासाठी केनियात २०१६ पासून कत्तलखाने उघडले. तिकडे मुख्य भूमीवर गाढवं रातोरात चोरीला जाऊ लागली; सकाळी झुडपात नुसतं सोललेलं धड. २००९ च्या जनगणनेत देशात १८ लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये १२ लाखांच्या आत. २०२० मध्ये सरकारने बंदी घातली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने सगळ्या खंडासाठी कातड्यासाठीच्या कत्तलीवर पंधरा वर्षांची स्थगिती मान्य केली. कागद मोठा आहे. पण इथला प्रश्न साधा होता: "दादा, गाढव मेलं तर नवं परवडेल का?" जिवंत गाढवाची किंमत कातड्याने वाढवली ती वाढलीच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुसरा उपाय. शेपटीखाली काहीच नको. त्याऐवजी मांड्यांच्या मागून रुंद पट्टा. जुन्या शिडाच्या कापडाचे चार बोटं रुंद पट्टे शिडं शिवणाऱ्याकडून करून घेतले. त्याची शिवण बघत बसावी अशी. पैसे घ्यायला तयार नव्हता, मग चहा आणि पैसे दोन्ही घेतले.

चार गाढवांवर लावून बघितले. सपाटीवर उत्तम. धक्क्याच्या उतारावर पट्टा खाली घसरून ढोपरांमागे आला, गाढवाने दोन्ही पायांनी लाथ झाडली, वाळूची गोणी फुटली, माझ्या नडगीला टेंगूळ. मदतनीस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आसांते या पुंडा नी मातेके." गाढवाचं धन्यवाद म्हणजे लाथ. ही इथली जुनी म्हण आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. साबुदाणा नाही, रताळी भरपूर. पाय सुजलेला. ४ जखमा धुतल्या, बाकी कागदपत्रं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रमजान उद्या किंवा परवा, चंद्रावर आहे. म्हणून आज सगळ्यांची घाई.

म्झे आला तो भांडायलाच. म्हणाला, तीन आठवडे तुम्ही सगळे गाढवाच्या मागे उभे आहात. पुढे या. त्याने एका लादलेल्या गाढवाला उतारावर थांबवलं, मला त्याच्या खांद्याशी उभं केलं, आणि ओझ्याखाली माझा हात घातला. हात आत जाईना. ओझं पूर्ण खांद्यावर, कण्यावर बसलेलं. खोगीर म्हणजे काय, तर घडी केलेलं गोणपाट, बोटभर जाड, वापरून वापरून पापडासारखं सपाट. गाढवाने मान खाली घातली की ओझं पुढे घसरतं. मग ते सगळं वजन कोण धरतं? शेपटीखालची दोरी.

दोरी जखम करत होती, पण दोरीचा दोष नव्हता. ती फक्त शेवटची पकड होती. मी पशुवैद्यकाची पदवी परळच्या कॉलेजातून घेतली आणि तीन आठवडे जखमेकडे बघत बसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी तर शेपूट धरून बसले होते.

त्याला विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? "तुम्ही दोरी विचारलीत. मी दोरीचं सांगितलं."

४ मार्च, मंगळवार

तिसरा उपाय, खरा उपाय: खोगीर. कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब जाड वळकटी, मध्ये पन्हळीसारखी मोकळी जागा. ओझं बरगड्यांवर बसेल, कण्यावर नाही, आणि पुढे घसरणार नाही. पोटपट्टा कोपरांच्या मागे चार बोटं.

भरायचं कशाने? गवत नाही. चिंध्या भिजल्या की सुकत नाहीत. स्पंज दबतो आणि विकत आणावा लागतो. धक्क्यामागे शहाळी विकणाऱ्याच्या पाठी सोडणांचा, म्हणजे नारळाच्या वरच्या सालींचा, डोंगर दिसला आणि मी स्वतःशीच हसले. आमच्या सिंधुदुर्गात आजी सोडणं चुलीत घालायची आणि काथ्या गादीत. काथ्याला खारं पाणी नवीन नाही. भिजतो, निथळतो, पुन्हा उभा राहतो.

सोडणं दोन दिवस वाळवली, मदतनिसाने लाकडी मोगरीने कुटली, मी तंतू सोडवले. बोटं सोलवटली. शिडवाल्याने जाड कापडाच्या नळ्या शिवल्या. संध्याकाळी पहिलं खोगीर तयार झालं. दिसायला बेढब, दोन लठ्ठ साप मध्ये बांधल्यासारखं.

६ मार्च, गुरुवार

रोज्यांमुळे वेळापत्रक बदललंय. माल पहाटे उतरतो, अकरापर्यंत सगळं आटपतं. मग बेट झोपतं. इफ्तारनंतर पुन्हा जागं. गाढवांच्या दृष्टीने रमजान बरा, दुपारच्या उन्हात कोणी हाकत नाही. माझ्या दृष्टीने अडचण एवढीच, की उपाशी माणसाच्या समोर पाणी पिणं मला जमत नाही, म्हणून मी कोपऱ्यात जाऊन पिते आणि सगळे ते बघून हसतात.

म्झेच्या दोन गाढवांवर खोगीर चढवलं. उतारावर हात घालून बघितला. हात गेला.

११ मार्च, मंगळवार

नऊ खोगिरं तयार. सगळी लगेच द्यायची नाहीत असं सहायकाने सुचवलं, आणि बरोबर सुचवलं: आधी म्झेची दोन बघू देत, लोक स्वतः मागतील. काल तिघांनी मागितली. एकाने विचारलं, "म्झेला दोन आणि मला का नाही?" याच प्रश्नाची वाट बघत होतो.

ओझ्याचं मात्र जमलेलं नाही. आमच्या पुस्तिकेत लिहिलंय, गाढवावर त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लादावं. १२० किलोच्या गाढवाला ४० किलो. सिमेंटची एक गोणी ५० किलोची, आणि तोल साधायला दोन्ही बाजूंना लागते. म्हणजे आमचा नियम पहिल्याच फेरीत मोडतो. फेरीवर मजुरी मिळते, त्यामुळे "कमी लादा" म्हणजे "कमी कमवा". मी हे वाक्य उच्चारणं सोडून दिलंय. त्याऐवजी वाळूच्या गोण्या अर्ध्या भरायला सांगते. वाळू तरी मोजून बांधलेली नसते. काही ऐकतात.

१४ मार्च, शुक्रवार

खुरांचा दिवस. १७ गाढवं. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभा आणि अरुंद, घोड्यासारखा कापला तर चाल बिघडते. तीन जणांच्या खुरात सड. बाकी विशेष नाही.

१९ मार्च, बुधवार

दोन आठवड्यांची तपासणी. खोगीर असलेल्या नऊ गाढवांपैकी सहांच्या जखमा भरल्या, गुलाबी कातडी आलीय. दोघांच्या तशाच. मालक नायलॉनची दोरी अजून ताणून बांधतो, सवयीने. त्याला दाखवलं की आता ती सैल ठेवली तरी चालते. नववं गाढव सापडलं पण खोगीर नाही. चौकशी केली. मालकाच्या सासूने उसवून काथ्या काढला आणि उशी भरली. सहायक चिडला. मी म्हटलं, काथ्या चांगला आहे याचा हा पुरावाच. तिला निरोप पाठवला, उशी ठेवा, पण जावयाला सोडणं कुटायला बसवा.

नऊ म्हणजे काहीच नव्हे, बेटावर हजारो आहेत. पण शिडवाल्याने स्वतःहून दहावं आणि अकरावं विकलं. कितीला विकलं ते सांगत नाही. मुख्यालयाच्या तक्त्यात याला 'लाभ' धरतात का माहीत नाही, मी धरलाय.

२१ मार्च, शुक्रवार

'इतर' रकाना कोणीतरी वाचला. उत्तर आलं: नळ्यांचा अनुभव दुसऱ्या प्रकल्पाला कळवा, तिथेही तेच शिवत आहेत. लगेच पाच ओळी लिहिल्या. शेवटची ओळ: आधी ओझ्याखाली हात घालून बघा.

२७ मार्च, गुरुवार

उद्या सहायकाच्या हातात वही, शनिवारी माझं विमान. रविवारी पाडवा, घरी पोचेन. शेवटची मोजणी धक्क्यावर केली. आज ३८ गाढवं, शेपटीखाली ओली जखम १७ जणांना. फार फरक नाही. खोगीर असलेली पाच त्यात होती, पाचही बिनजखमेची.

फेब्रुवारीत गेलेल्या मादीचा मालक भेटला. दुसरं गाढव भाड्याने आणलंय. संध्याकाळी त्याला मोकळं सोडत नाही, अंगणात बांधून मक्याचा कोंडा घालतो. "महाग पडतं," म्हणाला. पडतंच.

चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि पावसाची पहिली सर आली. एप्रिलच्या मोठ्या पावसाची चाहूल. मला एकदम खोगिरांची काळजी लागली. काथ्या खारं पाणी सोसेल, पण महिनाभर रोज भिजला तर कुजेल, आणि पावसाळ्यासाठी काही ठरवलंच नाही हे आत्ता लक्षात आलं. छत्री न घेता म्झेच्या घरी धावले. दोन्ही खोगिरं स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला टांगलेली होती, धूर खात. खाली म्झेची बायको इफ्तारची भजी तळत होती आणि गाढवाच्या घामाच्या वासावरून नवऱ्याला मोठमोठ्याने बोलत होती. मला बघून तिने तवेथ्याने वर बोट दाखवलं आणि तेच सगळं माझ्यावर सुरू केलं. निम्मं कळलं नाही. भजी मात्र दिली.